बाराव्या मिनिटाला

बाराव्या मिनिटाला तो पोरगा सायकल वळवतो.
लाल स्वेटर, मागं धुकं, लाकडी पूल.
दोन आठवडे झाले, रोज चार खेळ,
मी डोअरकीपर, हातात बॅटरी,
आणि अजून वाटतं
आज तरी तो सरळ घरी जाईल.

सोलापुरात धुकं कुठलं.
मे महिन्यात लोक येतात ते कूलरसाठी.
निम्मे झोपतात.
उरलेले मध्यंतरात भजी खाता खाता
खुनी कोण ते ठरवून टाकतात.
मला पहिल्याच खेळाला कळलं होतं.
पिक्चरचा एक नियम असतो :
मारणारा पहिल्या दहा मिनिटांत
एकदा तरी दिसून गेलेला असतो.

म्हणून मी आमची पहिली दहा मिनिटं
पुन्हा पुन्हा लावून बघतो.

साल चौऱ्याऐंशी. सुट्टी. दुपार.
नरसिम्लूची आई उंबऱ्यात, मांडीवर सूप,
बिड्या वळतेय, ओठ हलतायत,
तेलुगूत मोजतेय.
आत माग खडखडतायत.
रंगखान्याचा मुकादम बनियनवर
रस्त्यावर पाणी मारतोय.
कुणाचा तरी मामा आलाय पाहुणा, पानाची पिंक टाकतोय.
सेटलमेंटातला यल्लप्पा भोवऱ्याला दोरी गुंडाळतोय.
आणि करदोड्यात चड्डी खोचलेला नरसिम्लू म्हणतोय,
"चल की रे रेवण्या."
मी म्हणतोय, "हो पुढं. आलोच."

मी गेलो नाही.
घरी कलिंगड कापलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो रंगाच्या हौदात सापडला.
त्या आठवड्यात हिरवा चालू होता.
हौद कुणी उपसला नाही, ऑर्डर मोठी होती.
तो हिरवा चादरींवर चढला,
गठ्ठे बांधून बाजारात गेला,
कुणीतरी पांघरलाच असेल.

फौजदार माणूस बरा होता.
आम्हा तिघांना बाकावर बसवलं,
लिमलेटच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं,
"यल्लप्पाच होता ना रे तो?"
गोळी गालात असली की
"हो" म्हणायला जीभ फारशी हलवावी लागत नाही.

आदल्याच दिवशी त्यानं मला
फिरता भोवरा तळहातावर घ्यायला शिकवलं होतं.

अकरा दिवसांनी सोडला त्याला. पुरावा नव्हता.
बोटं तेवढी परत नीट वळली नाहीत,
दोरी सुटायची.
एकदा चौकात समोरून आला.
रस्ता मी बदलला.
त्यानं नाही.

पडद्यावरचा इन्स्पेक्टर दारू पितो, झोपत नाही,
शेवटी सगळं जुळवून तळ्याकाठी एकटा उभा राहतो.
आमच्या फौजदाराची बार्शीला बदली झाली.
नरसिम्लूची आई बिड्या वळत राहिली,
फक्त पंचविसाच्या कट्ट्यात
चोवीसच भरायची.
कारखान्यात ओरडा खायची,
घरी येऊन पुन्हा चोवीस.

मुकादम म्हातारा होऊन मेला. मामाचं नाव
आता कुणालाच आठवत नाही.
दहा मिनिटं संपतात, मी परत लावतो,
आणि दर वेळी सगळ्यात ठळक ऐकू येतो
तो माझाच आवाज.

आज शेवटचा दिवस, रात्री नऊचा खेळ.
अकरा माणसं.
बाराव्या मिनिटाच्या जरा आधी
मागच्या रांगेतून एक पोरगं आलं,
सात-आठ वर्षांचं, करंगळी वर धरून.
बाप घोरत होता.
जिन्याखालचा दिवा दिवाळीपासून गेलाय.
मी पायरी पायरी उजेड दाखवत नेलं.
वर पुलावरचं संगीत सुरू झालेलं,
भिंतीतून येत होतं.

"तुम्ही जावा काका," आतून म्हणाला,
"मी येतो की."

"कर सावकाश," म्हटलं, "मी हितंच हाय."
आणि दाराखालच्या फटीत
बॅटरी धरून उभा राहिलो.